पंधरा रुपयांचा कॅपॅसिटर, चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर: दुरुस्तीच्या धंद्यात आपण नक्की विकतो काय?



कल्पना करा. इंग्लंडमधलं एखादं घर. माळ्यावरून एक जुना कॉम्प्युटर खाली आणलाय. बीबीसी मायक्रो, क्रीम रंगाचा, लाल फंक्शन कीज असलेला. मालक लहानपणी याच्यावर प्रोग्रॅमिंग शिकला. धूळ पुसली, टीव्हीला जोडला, प्लग लावला. ‘बूऽऽ-बीप’ असा तो ओळखीचा आवाज आला, स्क्रीनवर अक्षरं आली. मालक खूश. बायकामुलांना हाक मारून बोलावलं. दहा-पंधरा मिनिटं झाली आणि आतून ‘फट्’ असा आवाज. मागच्या फटीतून पांढरा-पिवळट धूर, आणि असा घाण वास की खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्या लागतात.

जुन्या कॉम्प्युटरच्या छंदात असलेल्या लोकांना हा प्रसंग इतका पाठ आहे की धुराचा रंग सांगितला तरी ते सांगतील, कोणता पार्ट गेला. आणि याच धुरावर तिकडे काही लहान लहान धंदे उभे आहेत. आजच्या लेखात तोच धंदा उघडून बघूया. तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीत नसाल तरी वाचा, कारण मिक्सर दुरुस्त करणाऱ्यापासून सीएनसी मशीनची सर्व्हिस देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना यातला हिशोब लागू आहे.

धूर कुठून आला?

बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर 1981 मध्ये बाजारात आणला. बीबीसी तेव्हा लोकांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी टीव्ही मालिका करत होती आणि त्यासाठी तिला एक मशीन हवं होतं. मॉडेल बी ची किंमत सुरुवातीला 335 पौंड होती, नंतर 399 झाली. एकूण सुमारे पंधरा लाख मशीन विकली गेली. (जाता जाता: ज्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी यावर काम केलं, त्यांनीच पुढे पहिला एआरएम प्रोसेसर डिझाइन केला. तुमच्या हातातल्या मोबाइलची वंशावळ त्या घरापर्यंत जाते.)

अगदी सुरुवातीच्या मशीनमधला पॉवर सप्लाय लिनियर होता आणि तो फार तापायचा, म्हणून नंतर स्विचिंग सप्लाय आला. स्विचिंग सप्लाय हलका, कमी तापणारा, पण तो मेन लाइनमध्ये विजेचा ‘गोंगाट’ सोडतो. रेडिओत खरखर येते ना, ती. हा गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एक छोटा कॅपॅसिटर लावतात. त्याला एक्स क्लासचा कॅपॅसिटर म्हणतात. त्या काळी यात रिफा या स्वीडिश कंपनीचा कॅपॅसिटर खूप चालायचा. पारदर्शक पिवळट आवरण, आत धातूचा थर दिलेला कागद. कागद वापरण्याला कारण होतं. लाइनमध्ये झटका आला आणि कॅपॅसिटरला बारीकसं भोक पडलं, तर कागदाचा कॅपॅसिटर ते भोक स्वतःच बुजवून पुढे चालतो. म्हणजे माल हलका नव्हता, चांगला म्हणूनच लावलेला होता.

पण चाळीस वर्षांत त्या पिवळ्या आवरणाला बारीक तडे जातात. तड्यातून हवेतला दमटपणा आत शिरतो, आतला कागद तो शोषून घेतो. मग मशीन 230 व्होल्टवर लावलं की त्या ओल्या कागदातून करंट वाहायला लागतो, तो गरम होतो आणि शेवटी फुटतो. मजेची गोष्ट म्हणजे फुटल्यावरही मशीन बऱ्याचदा चालूच राहतं, कारण तो पार्ट फक्त गोंगाट गाळत होता. त्यामुळे मालकाला वाटतं, ‘आपोआप बरं झालं.’ तसं काही नसतं. आतल्या बोर्डवर काजळीचा थर बसलेला असतो आणि दुसरा कॅपॅसिटर रांगेत उभा असतो.

तीन पार्ट, एक पाकीट

आता धंद्याकडे या. बीबीसी मायक्रोच्या सप्लायसाठी तिकडे छोटे विक्रेते एक किट विकतात: दोन एक्स क्लासचे कॅपॅसिटर, एक इलेक्ट्रोलिटिक, आणि कसं बदलायचं याच्या सूचना. काही पौंडांना मिळतं. हेच पार्ट सुटे घेतले तर याहून बरेच स्वस्त पडतील. मग लोक किट का घेतात?

स्वतःला त्या मालकाच्या जागी ठेवा. त्याला कॅपॅसिटर नकोय. त्याला कोणीतरी सांगायला हवंय की नेमके हेच तीन, याच किमतीचे, याच मापाचे, पायांमधलं अंतरही बरोबर बसणारे. एक्स क्लासच्या जागी वाय क्लास लावायचा का, दोन्ही सारखेच दिसतात की! (वाय क्लासचा कॅपॅसिटर फेज आणि अर्थिंगच्या मध्ये असतो. तिथे साधा कॅपॅसिटर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर अर्थिंग धड नसलेल्या घरात मशीनच्या पत्र्यावर फेज येईल.) ही निवड कोणीतरी आधीच करून पाकिटात घातली आहे. पैसे त्याचे.

माझ्या कार्यशाळेत मी हे सांगितलं की कोणीतरी लगेच वही काढतो आणि ‘किट’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारतो. थांबा जरा. किट विकणं सोपं दिसतं, कारण अवघड भाग आधीच कोणीतरी केलेला आहे. तो अवघड भाग काय, हे एका मुलाच्या गोष्टीतून सांगतो.

सांगलीच्या बाजूचा एक मुलगा

नाव नको म्हणाला, पण गोष्ट सांगायला हो म्हणाला. वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, याचा हात चांगला, सोल्डरिंग तर बघत राहावं असं. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. वडिलांनी 1986 च्या सुमारास परदेशातून आणलेला होम कॉम्प्युटर होता. वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस पंधरा दिवसांवर. त्या दिवशी तो चालू करून द्यायचा, बस एवढीच मागणी. पैशाचा प्रश्नच नव्हता.

मुलाने इंटरनेटवर व्हिडिओ पाहिले. सगळीकडे एकच: जुनं मशीन म्हणजे कॅपॅसिटर बदला. याने पोराच्या उत्साहात सांगून टाकलं, ‘काका, बोर्डवरचे सगळे बदलून देतो, नवीनसारखं होईल.’ दोन रात्री बसला. सिरॅमिकसुद्धा काढले, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं. काढताना दोन ठिकाणी ट्रॅक उचलला गेला, तो तारेने जोडला. शेवटी सगळं बंद केलं, मूळ अडॅप्टर लावला, बटण दाबलं. स्क्रीन काळी.

अडॅप्टर त्याने तपासलाच नव्हता. नंतर लोड लावून मोजला तर पाच व्होल्टच्या जागी जवळजवळ सात येत होते. मेमरीच्या चिप गेल्या. म्हणजे बोर्डवर जे चाळीस वर्षं शाबूत होतं, ते याच्या टेबलावर मेलं.

जुन्या मशीनमध्ये हा प्रकार अगदी माहितीतला आहे. कमोडोर 64 चा अडॅप्टर याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तो आतून राळेसारख्या पदार्थाने भरून टाकलेला असतो, उष्णता बाहेर पडत नाही, आतला पाच व्होल्टचा रेग्युलेटर वर्षानुवर्षं भाजत राहतो. आणि तो जातो तेव्हा बहुतेक वेळा व्होल्टेज कमी करून जात नाही, वाढवून जातो. म्हणूनच त्या मशीनसाठी नवे, सुरक्षा असलेले अडॅप्टर बनवणारे छोटे उद्योजक आज जगात आहेत.

मुलाने गिऱ्हाइकाला फोन केला आणि खरं सांगितलं. माझ्या मते त्याच्या धंद्यातला तो सगळ्यात महाग फोन होता आणि सगळ्यात शहाणपणाचाही. चिप मागवल्या, आठ सॉकेट लावले, मजुरी घेतली नाही. वाढदिवस हुकला. मशीन तीन आठवड्यांनी चालू झालं. काकांनी तरीही पैसे देऊ केले, याने फक्त चिपचे घेतले.

काय बदलायचं आणि काय हात लावायचा नाही

इथे थोडा वेळ देऊया, कारण तुमची खरी मजुरी या निर्णयात आहे.

कागदाचा एक्स क्लास कॅपॅसिटर पिवळा, पारदर्शक, तडे गेलेला दिसला की वाद नाही. मशीन चालत असलं तरी बदलायचा. आणि बदलेपर्यंत प्लग लावायचा नाही. कोकणपट्टीत चार पावसाळे काढलेल्या मशीनचं तर विचारूच नका.

इलेक्ट्रोलिटिकचं वेगळं आहे. त्यात द्रव असतो, तो रबरी बुडातून हळूहळू सुकत जातो. याचं आयुष्य त्याच्या अंगावरच लिहिलेलं नसलं तरी डेटाशीटमध्ये असतं, उदाहरणार्थ 85 अंशांना 2000 तास. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. तोच कॅपॅसिटर 45 अंशांत राहिला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे 32,000 तास. रोज आठ तास चालवला तर अकरा वर्षं. म्हणून गरम हीटसिंकच्या शेजारी चिकटून बसलेला कॅपॅसिटर आधी जातो आणि तीन इंच लांबचा, त्याच वयाचा, अजून ठणठणीत असतो. हे बघून कळत नाही. फुगला तर कळतो, पण सुकलेला फुगत नाही. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो. साध्या मल्टिमीटरवर कपॅसिटी बरोबर दाखवेल आणि आतून तो कामाचा राहिलेला नसेल. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की जास्त करंट खातो.

तिसरा प्रकार 1990 च्या आसपासच्या मशीनमधला. अमिगा 600, अमिगा 1200, त्या काळचे बरेच मॅकिंटॉश. बोर्डवर चिकटवलेले छोटे गोल अॅल्युमिनियमचे कॅपॅसिटर. हे सुकत नाहीत, गळतात. गळलेला द्रव तांब्याचे ट्रॅक खातो. सोल्डरिंग गन टेकवली की कुजक्या मासळीसारखा वास येतो. इथे मात्र थांबण्यात नुकसान आहे, कारण मशीन बंद असलं तरी ट्रॅक कुरतडला जातच असतो. अशा मशीनच्या मालकाला ‘अजून चालतंय ना, मग राहू दे’ असं सांगू नका.

आणि सिरॅमिक, फिल्म कॅपॅसिटर? कारण नसताना हात लावू नका. प्रत्येक पाय सोडवताना जुना ट्रॅक उचलायची जोखीम असते. ‘सगळे बदलून देतो’ हे वाक्य गिऱ्हाइकाला आवडतं, बिलही वाढतं, पण ते बहुतेक वेळा न तपासल्याची कबुली असते.

तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी अडॅप्टर किंवा सप्लाय बाहेर काढून, खोट्या लोडवर. पाच व्होल्टच्या लाइनला 5 ओहमचा, 10 वॅटचा रेझिस्टर लावला की एक अँपिअर खेचला जातो. तासभर गरम होऊ द्या, मग मोजा. 5.25 च्या वर गेलं की तो सप्लाय बोर्डला लावायचा नाही, विषय संपला. आपल्या इलेक्ट्रिशियन लोकांचा सिरीज बोर्ड इथे फार कामाचा. जुना पिवळा बल्ब हवा, एलईडी नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभग पेटतो आणि तुमचा फ्यूज वाचतो.

एक गोष्ट मोठ्याने सांगतो. स्विचिंग सप्लायमधला मोठा कॅपॅसिटर 230 व्होल्टच्या लाइनवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठवतो. प्लग काढल्यावरही. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ‘उतरवणं’ हा पराक्रम नाही. रेझिस्टरमधून उतरवा, मीटर लावून शून्य बघा, मग बोट घाला. मेन लाइनचं काम शिकलेला माणूस शेजारी नसेल तर पहिले दहा सप्लाय उघडूच नका. धंदा दोन महिने उशिरा सुरू झाला तरी चालेल.

दर कसा काढायचा?

पार्ट 150 रुपयांचे. मग दर किती? इथे आपले लोक पार्टच्या दुप्पट, तिप्पट असा हिशोब करतात आणि बुडतात. वेळेपासून सुरू करा. समजा तुम्हाला घरी महिना 40,000 न्यायचे आहेत आणि दुकानभाडं, वीज, हत्यारांची झीज मिळून 14,000 जातात. झाले 54,000. महिन्यात पंचवीस दिवस, आठ तास, म्हणजे 200 तास. पण त्यातले फोन, चहा, पार्ट आणायला जाणं, गप्पा मारणारं गिऱ्हाईक वजा केलं तर पैसे मिळणारे तास 120 धरा. तासाला 450 रुपये.

एका सप्लायला उघडणं, साफ करणं, बदलणं, लोडवर तपासणं, पॅक करणं मिळून तीन तास लागतात. 1,350 मजुरी, 150 पार्ट, 1,500. त्यावर परत येणाऱ्या कामासाठी दहा टक्के. 1,650. यातला आकडा तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण पद्धत बदलू नका. गिऱ्हाईक म्हणेल, ‘अहो, कॅपॅसिटर तर पंधरा रुपयांचा!’ पंख्याचा कॅपॅसिटर बदलणाऱ्यालाही लोक हेच म्हणतात. त्याला उत्तर तोंडी देऊ नका, कागदावर द्या. बदलण्याआधीचं आणि नंतरचं व्होल्टेज, कोणते पार्ट बदलले, कोणते तपासून ठेवले आणि का ठेवले. काढलेले पार्ट छोट्या पिशवीत घालून परत द्या. तडा गेलेला पिवळा कॅपॅसिटर हातात घेतला की घासाघीस बरीच कमी होते.

तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी घ्या. सांगलीच्या त्या मुलाने आता हेच सुरू केलंय. ‘उघडून सांगतो’ याचे 400, काम दिलं तर बिलात वजा.

हे आपल्याकडे चालेल का?

सरळ सांगतो, फक्त जुन्या होम कॉम्प्युटरवर महाराष्ट्रात दुकान चालणार नाही. बीबीसी मायक्रो आपल्याकडे आले होते, 1984 मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेत निवडक शाळांना दिले गेले. डेसिबेल्स कंपनीने 1986 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस परवान्याने इथे विकला. पण त्यातले बहुतेक भंगारात गेले. खरं गिऱ्हाईक इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत आहे, आणि तिथे पोस्टाने पार्ट पाठवणारे आधीच बसलेले आहेत.

मात्र हेच कौशल्य भोसरीला, अंबडला, गोकुळ शिरगावला न्या. तिथल्या शॉपमध्ये पंचवीस-तीस वर्षांच्या मशीन चालतात. त्यांच्या कंट्रोल पॅनलमधला पॉवर सप्लायही याच इलेक्ट्रोलिटिकवर उभा आहे. तो सोमवारी सकाळी गेला की मशीन बंद, कामगार बसून, माल अडकलेला. अशा मालकाला कॅपॅसिटर बंद पडायच्या आधी बदलून हवा असतो, वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी. तो 1,650 वर घासाघीस करत नाही. छंदाच्या मशीनवर हात बसवा, बिल तिथे फाडा. आणि जुना कॉम्प्युटर शनिवारी-रविवारी, आवड म्हणून. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीला गेलात तर कॅपॅसिटर बिलावर घ्या, अंगावरची तारीख-कोड बघा. नव्या पाकिटातला माल नवाच असतो असं नाही.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्डचा नमुना दाखवतो, तुमच्या दुकानाच्या नावाने छापून घेता येईल असा. तोवर कमेंटमध्ये सांगा, तुम्ही कोणतं मशीन दुरुस्त करता आणि तपासणीचे पैसे घेता की नाही. आणि तुमच्या माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर मॉडेलचं नाव कळवा, आतल्या सप्लायचा फोटो टाका. फोटोसाठी झाकण उघडलंत तरी चालेल, पण सप्लायच्या डब्याला हात लावू नका आणि प्लग भिंतीला जोडू नका.